कशावरूनबाईंचा दुसरा काढा

'कशावरून?' हा शब्द लहान मुलाने उच्चारला तर त्याला आपण चौकस म्हणतो आणि मोठ्या माणसाने उच्चारला तर उद्धट. या दोन विशेषणांच्या मधल्या वाटेवर कोठेतरी माणसाचे तोंड बंद होते, आणि त्यालाच जग पोक्तपणा समजते. अवज्ञा हा दुर्गुण आहे असे मानण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की अवज्ञेचाही एक सात्त्विक प्रकार संभवतो, हे सहसा ध्यानातच येत नाही. मेज आपटणारी, दार लोटून निघून जाणारी अवज्ञा सर्वांना ओळखता येते. तिचा आवेश ओसरला की तिचे कार्यही संपते. परंतु ज्याच्यापुढे मान लवते त्याच्यासमोर, मान लवलेलीच ठेवून, 'हे मला मान्य नाही' असे म्हणणारी, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला येणारी अवज्ञा विरळा. ती जिच्या ठायी वसत होती अशा एका स्त्रीची ही हकीकत आहे.

ती स्त्री म्हणजे ताई. फुप्फुसांच्या विकारांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या पेशी वाढवीत. पदव्या होत्या, प्रबंध होता. नावाचा डंका मात्र कधी वाजला नाही, आणि वाजावा अशी त्यांची धडपडही नव्हती. प्रयोगशाळेतली मंडळी त्यांना तोंडावर ताई आणि पाठीमागे 'कशावरूनबाई' म्हणत. एकदा जिन्यात एक सहकारी दुसऱ्याला हळूच विचारत होता, "कशावरूनबाई आल्या नाहीत ना अजून?"

मागून ताईंचा आवाज आला, "आल्या आहेत. पण नसतील आल्या, हे कशावरून ठरवलंत?"

त्यांची खोली तळमजल्यावर, बिनखिडकीची. एका भिंतीला काचेचे कपाट, ज्यातून गाळलेल्या हवेचा झोत अखंड वाहत असे. दुसऱ्या भिंतीला माणसाच्या अंगाइतकीच ऊब राखणारी पेटी. आणि सगळीकडे स्पिरिटचा कोरडा वास. शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या श्वासनलिकेच्या तुकड्यांतून मिळवलेल्या पेशी चाळणीसारख्या बारीक पडद्यावर पेरायच्या, पडदा एका पेल्यात टांगायचा, खाली पोषक द्रव ठेवायचा आणि वरची बाजू हवेला उघडी. पाय पाण्यात आणि डोके वाऱ्यावर, अशा स्थितीत त्या पेशी आठवडेच्या आठवडे राहिल्या की आपण कोठून आलो हे त्यांना आठवते. त्यांच्या माथ्यावर सूक्ष्म केस उगवतात आणि गवतावरून वारा जावा तसे ते केस एका लयीत हलू लागतात. ही लय दिसल्याशिवाय ताई कोणत्याही पेल्याला 'पिकला' म्हणत नसत.

पेशींचा तो पोषक द्रव ही त्यांच्या गुरूंची देणगी होती. सर निवृत्त झाले होते, तरी आठवड्यातून एकदा येत आणि दाराशेजारच्या खुर्चीवर बसून सगळ्यांच्या हातांकडे पाहत. त्या द्रवात नऊ घटक. सरांनी त्यांना नावांऐवजी क्रमांक दिले होते, कारण नावे लांबलचक आणि बाटल्यांवरची जागा थोडी. त्यामुळे प्रयोगशाळेत 'चार नंबर संपला', 'सहा नंबर घातला का?' अशीच भाषा चाले. त्या द्रवाला सगळे आदराने आणि थोड्या थट्टेने 'सरांचा काढा' म्हणत. क्रमांकांच्या या सोयीतून पुढे जो घोटाळा झाला, तो दुसऱ्या कोणत्याही धंद्यात झाला नसता.

ताईंच्या घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघीच. धाकटीचे केशकर्तनाचे दुकान होते: दोन खुर्च्या, एका कोपऱ्यात तडा गेलेला आरसा, गरम पाण्याची टाकी आणि रंगांच्या ट्यूबांनी भरलेला कप्पा. तिची कात्री जितकी चाले त्याहून तिची जीभ अधिक चाले. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की उठेपर्यंत त्याला 'हं' पलीकडे काही बोलायची संधी मिळत नसे. पण केस पिंगट करण्यासाठी जी पांढरी पूड कालवावी लागते, तिच्या धुळीने तिला दमा जडला होता. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. निळा तात्पुरत्या आरामासाठी. तपकिरी रोजचा, त्यात स्टेरॉइड. आणि स्टेरॉइड या शब्दाला धाकटी सापाला भ्यावे तशी भीत असे.

"एक गिऱ्हाईक सांगत होतं, त्याची सवय लागते," ती म्हणे.

"सवय तुला बोलायची लागली आहे, तिचं काय करतेस?" ताई म्हणत. "घे मुकाट्याने."

योगायोग असा की ताईंच्या प्रयोगशाळेपुढचा प्रश्न धाकटीच्या छातीतलाच होता. श्वासनलिकेच्या अस्तराखाली मज्जातंतूंची टोके असतात. धूळ, धूर, उग्र वास लागला की ती टोके प्रथिनांच्या लहान लहान फिती सोडतात. त्या फितींमुळे खोकला उसळतो आणि नळ्या आवळतात. त्यांचे तुकडे करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, अस्तराच्या पेशींच्या पृष्ठावर बसलेले असते. त्याचे खरे नाव भारदस्त होते; ताई त्याला 'कातर' म्हणत.

"म्हणजे माझ्याच धंद्यातली की!" धाकटी हे ऐकून हरखली होती.

तपकिरी पंपातल्या औषधाने ही कातर वाढते का, हे पाहायचे होते. वाढत असेल तर त्या पंपाच्या अंगी सूज उतरवण्यापलीकडचाही एक गुण आहे, असे ठरले असते. ताईंनी अर्ध्या पेल्यांना औषध दिले, अर्ध्यांना दिले नाही, आणि दोन्हींतली कातर मोजली. फरक शून्य. पुन्हा मोजली. पुन्हा शून्य. प्रमुखांनी, जे ताईंहून वयाने लहान, अत्यंत सभ्य आणि टापटिपीचे गृहस्थ होते, निष्कर्ष काढला की औषधाचा या विकरावर परिणाम नाही. अहवाल लिहून काम बंद करावे.

ताईंनी ही गोष्ट जेवताना सहज सांगितली. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत महाग पडलेले सहज बोलणे ते. दुसऱ्या दिवसापासून धाकटीने तपकिरी पंप बंद केला.

"तुझ्याच पेशींनी सांगितलं ना, काही होत नाही म्हणून?"

"एका विकरावर परिणाम होत नाही, असं म्हणाले मी. सुजेवर होतो. ते कधीचंच सिद्ध झालेलं आहे."

"बघ हं ताई, एका तोंडाने हो म्हणतेस, एका तोंडाने नाही. आधी तू ठरव, मग मला सांग. तोवर माझा निळा बरा."

"निळ्याने आग विझत नाही गं, नुसता धूर जातो."

"आग लागली की बघू."

हट्ट या घराण्यात समसमान वाटला गेला होता. ताईंच्या वाट्याला आलेल्याला विद्येचा आधार मिळाला होता, एवढाच भेद. त्यांनी रागावून पाहिले, डॉक्टरांकडून रागवून घेतले, पंप तिच्या एप्रनच्या खिशात लपवून ठेवून पाहिला. तो संध्याकाळी ताईंच्याच चपलेत सापडला.

काही आठवड्यांनी दुकानात एक चमत्कारिक बदल दिसू लागला. गिऱ्हाइकांना बोलायला मिळू लागले. धाकटी केस कापताना मधूनच स्टुलावर टेकू लागली, वाक्य अर्धे सोडू लागली, आणि त्या अर्ध्या वाक्यात गिऱ्हाइके आपापली सुखदुःखे भरू लागली. कोणी म्हणाले, बाई आता पोक्त झाली. ताईंना मात्र त्या शांततेतली शीळ ऐकू येत होती. श्वास बाहेर पडताना दाराच्या फटीतून वारा जावा तशी ती शीळ.

एका सुटीच्या दिवशी ताई स्वतःच त्या दुकानातल्या एका खुर्चीत बसल्या होत्या. डोक्याला काळा रंग चोपडलेला, गळ्याभोवती जुने फडके. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी तक्रार केली, "अगं, मुळांनाच काय लावतेस नुसतं? खालपर्यंत ओढ की. हात आखडू नकोस."

"मावशी," धाकटी थांबत थांबत म्हणाली, "खाली मागचा रंग तसाच आहे. काळ्यावर काळं चोपडून... फरक दिसतो का कधी? फरक बघायचा तर पांढरं हवं."

तिने हे आपल्या धंद्यापुरते म्हटले आणि ती पुढच्या बटेकडे वळली. पण ताई आरशातल्या आपल्या काळ्या डोक्याकडे पाहतच राहिल्या.

"सहा," त्या म्हणाल्या.

"काय सहा?"

"आमचा सहा नंबर." आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

"खाली बस आधी! मान रंगेल तुझी. सहा नंबर पळून चाललाय का कुठे?"

सहा नंबर पळून जाणार नव्हता. तो वर्षानुवर्षे तेथेच होता. सरांच्या काढ्यातला सहावा घटक म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन. शरीर स्वतः जे स्टेरॉइड घडवते तेच ते, धाकटीच्या तपकिरी पंपातल्या औषधाचे सख्खे भाऊबंद. पेशींनी एकमेकींना घट्ट धरून राहावे म्हणून सरांनी ते घातले होते, आणि ते रास्तच होते. पण क्रमांक मिळताच त्याचे नाव पुसले गेले, आणि नावाबरोबर त्याचे कुळही. ज्या पेल्यांना ताई 'औषध न दिलेले' म्हणत, ते पहिल्या दिवसापासून त्याच औषधाच्या भावंडात पाय सोडून बसले होते. कातर वाढायची तेवढी आधीच वाढून बसलेली. काळ्यावर काळे.

त्या आठवड्यात सर आले तेव्हा प्रमुखही खोलीत होते. ताई उभ्या राहिल्या.

"सर, सहा नंबर वगळून पाहायचा आहे."

सरांचा कप ओठांशी पोचण्याआधीच थांबला. "वगळून? त्याच्याशिवाय पेशी एकमेकींचा हात धरत नाहीत. माझी उमेदीची वर्षं गेली आहेत त्यात."

"म्हणूनच विचारते आहे सर. तो इतका गुणाचा, तर पेशींना काहीतरी करतच असणार. मग आपल्या औषध न दिलेल्या पेशी औषध न दिलेल्या, हे कशावरून?"

प्रमुख सौम्यपणे म्हणाले, "ताई, तो पोषक आहे. औषध नव्हे."

"एकाच घरातले दोघे आहेत ते. एकाला स्वयंपाकघरात बसवलं आणि एकाला दवाखान्यात, म्हणून नातं तुटतं का?"

सरांचा आवाज चढला. "माझ्या काढ्यात खोट काढतेस तू?"

"काढ्यात नाही, सर. काढा पेशी वाढवण्यासाठी होता. त्यातच बसून मोजमाप करायला गेले ती मी. चूक माझी आहे. म्हणून दुरुस्तीही मीच करणार."

"अहवाल तयार आहे," प्रमुख म्हणाले. "फक्त तुमची सही राहिली आहे."

"सही मी करणार नाही."

"मग तो तुमच्या नावाशिवाय जाईल."

"जाऊ द्या. अहवाल तपासणाऱ्यांनी विचारलं तर मी एवढंच सांगेन, की औषध न दिलेली एकही पेशी या खोलीत कधी नव्हती. न विचारताही सांगेन."

सर काठी टेकीत उठले आणि निघाले. ताई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या, नेहमीसारख्याच. त्यांनी पाठ फिरवली तरी ताईंनी ती फिरवली नाही. अहवाल टेबलाच्या खणात गेला, आणि प्रमुखांनी ताईंना उरलेल्या पेशी संपेपर्यंतची मुदत दिली.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. सहा नंबर एकदम काढून घेताच पेशींचे थर जुन्या भिंतीच्या रंगासारखे पोपडे धरून सुटले. पेले टाकून द्यावे लागले. पुढच्या वेळी आलेल्या सरांनी पेटीच्या काचेतून डोकावून पाहिले आणि दोनच शब्द उच्चारले, "सांगितलं होतं."

"हो सर," ताई म्हणाल्या, आणि नवे पडदे धुवायला घेतले.

जिन्यात कुजबुज झाली की कशावरूनबाईंनी पेशींना उपाशी मारले. ताईंनी ती ऐकली आणि जाता जाता म्हटले, "उपाशी नाही मारलं. सवय एकदम तोडली, ते चुकलं. माणसाचीसुद्धा एकदम तोडू नये."

तिकडे धाकटी एका संध्याकाळी दुकानाच्या माळ्यावरून टॉवेलांचे गाठोडे आणायला चढली आणि मधल्या पायरीवर बसून राहिली. निळा पंप ओढला, पुन्हा ओढला. ताई पोचल्या तेव्हा तिचे ओठ फिके होते आणि डोळ्यांत मात्र तोच जुना ताठा.

"बोलू नकोस काही," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे तू काय बोलणार."

"काही बोलत नाही," ताई म्हणाल्या. "मीच सांगितलेलं आहे ते, मलाच खोडू दे." आणि तिला धरून दवाखान्यात नेले. तेथे श्वास ताळ्यावर आला. डॉक्टर पुष्कळ बोलले. धाकटीने मान हलवली, आणि घरी येऊन तपकिरी पंप पूर्ववत फडताळात ठेवून दिला.

दुसऱ्या वेळी ताईंनी घाई केली नाही. पेशी सरांच्या काढ्यावरच वाढवल्या, लय धरेपर्यंत वाट पाहिली, आणि मग काढ्यातला सहा नंबर टप्प्याटप्प्याने उतरवत नेला, नवशिक्याचा हात सोडताना आधी मनगट, मग बोटे, मग एकच बोट सोडावे तसा. थर काठांवर थोडा विरला, कुरकुरला, पण टिकला. केस हलत राहिले. मग त्यांनी कातर मोजली. ती घसरली होती; इतकी, की सरांच्या काढ्यावर राहिलेल्या पेशींच्या आकड्याशेजारी तिचा आकडा ठेवला तर लाज वाटावी. आता पांढरे सापडले होते. त्यावर त्यांनी धाकटीच्या पंपातले औषध घातले. प्रथम काहीच झाले नाही. दुसऱ्या दिवशीही विशेष नाही. पण त्यानंतर कातर चढू लागली आणि चढतच गेली.

प्रमुखांनी आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "पुन्हा एकदा करून पाहावं लागेल."

"हे पुन्हाच केलेलं आहे. दुसऱ्या माणसाच्या पेशी घेऊन."

प्रमुख सज्जन होते. त्यांनी खणातला जुना अहवाल काढला आणि ताईंच्या देखत फाडला.

आता राहिली धाकटी. ताईंनी तिला दुकान बंद ठेवायला लावून तळमजल्यावरच्या त्या खोलीत आणले आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. ती बराच वेळ डोळा लावून गप्प होती. तिला गप्प पाहणे हा त्या दिवसांत ताईंच्या सवयीचा आणि दुःखाचा भाग झाला होता; पण हे गप्प राहणे वेगळे होते.

"हे हलतंय ते केस आहेत?"

"हो."

"असे माझ्या आत आहेत? आणि मी बाहेरच्यांना कापत बसते!" ती हसली, आणि हसता हसता खोकली. मग मान वर करून म्हणाली, "पण हे कोणाचं तरी, पेल्यातलं. माझ्या छातीत असंच होईल, हे कशावरून?"

ताईंच्या चेहऱ्यावर काय उमटले ते सांगणे कठीण आहे. आपलीच तलवार आपल्यावर उगारलेली पाहून हरखणारा योद्धा फार क्वचित आढळतो.

"मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "पेला म्हणजे तू नव्हेस. पण 'काही होत नाही' असं जे मी सांगितलं होतं, ते खोटं ठरलं, आणि तू पंप सोडलास तो त्याच्या जोरावर. तो जोर आता काढून घेतला मी. शिवाय यांनासुद्धा दिवस लागले. दोन दिवस ओढून 'काही फरक नाही' म्हणायचं नाही."

"आणि नाहीच पडला फरक तर?"

"तर तुझं खरं."

"तर तुझे केस जांभळे करीन. सगळे. आणि तशीच तुझ्या सरांकडे पाठवीन."

"कर."

"मंजूर. पण डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेत नाही मी, हे लक्षात ठेव. तू चुकलीस हे कबूल केलंस, म्हणून घेते."

त्या दिवसापासून धाकटी सकाळी दुकान उघडल्याबरोबर तपकिरी पंप ओढी आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केस धुण्याच्या बेसिनात खळखळून चूळ भरी. पांढरी पूड कालवण्याचे काम तिने बंद केले. पिंगट व्हायचे असेल त्यांनी दुसरे दुकान गाठावे. हळूहळू स्टूल कोपऱ्यात सरकले. मग वाक्ये पुरी होऊ लागली. आणि एके दिवशी त्याच मावशींनी खुर्चीत बसून आपल्या सुनेची गोष्ट सांगायला तोंड उघडले तर त्यांना ते मिटावे लागले. ताईंचे केस काळेच राहिले.

सरांनी मात्र हार मानली नाही, आणि त्यांनी मानावी अशी ताईंचीही अपेक्षा नव्हती. ते आठवड्याच्या आठवड्याला येत राहिले, त्याच खुर्चीवर बसत राहिले. एकदा फ्रिजमध्ये आपल्या काढ्याशेजारी दुसरी बाटली पाहून म्हणाले, "हिच्यावर माझं नाव घालू नकोस."

"घातलेलं नाही, सर."

सरांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. तिच्यावर घटकांची नावे होती, पुरती, क्रमांकांशिवाय. आणि खाली ताईंचे नाव. "फार बारीक अक्षर काढावं लागलं असेल," ते म्हणाले.

"हो. बाटल्यांवर जागा थोडी आहे."

"पहिल्यापासून थोडीच होती," सर म्हणाले, आणि त्यांनी चहा मागितला. ताईंनी तो नेहमीसारखाच, साखर कमी घालून, दिला.

पुढे सर वारले, प्रमुख बदलले, ताई निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही नव्या मंडळींच्या निष्कर्षांना 'कशावरून?' विचारायला त्या अधूनमधून येत, आणि त्यांच्यासाठी दाराशेजारची खुर्ची आपोआप रिकामी होई. एका हिवाळ्यात, साध्या आजारपणात, त्या गेल्या.

त्या तळमजल्यावरच्या खोलीत आता फ्रिजमध्ये दोन बाटल्या असतात, एक वाढवण्यासाठी आणि एक मोजण्यासाठी. धाकटीचे दुकान चालू आहे, आणि गिऱ्हाइकांना तेथे बोलायला मिळत नाही.